भाषा शिकवणारी अ‍ॅप आणि वेबसाइट : निवडण्याआधी कशी तपासायची

नवी भाषा शिकायची ठरली की पहिल्याच दिवशी फोनवर तीन-चार अ‍ॅप येतात, ब्राउझरमध्ये आठ-दहा वेबसाइट उघडून ठेवल्या जातात आणि महिन्याभराने त्यातलं एकही धड वापरात नसतं. शिकवणाऱ्यांची गत फारशी वेगळी नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून साधन वर्गात आणलं जातं, मुलं रमतात, तास छान जातो. पण पुढच्या आठवड्यात त्यातलं कुणाला काय आठवतंय, हे बघायचं राहून जातं.

मी भाषा शिकवते आणि स्वतःही शिकत असते. अशी साधनं निवडताना माझा पुष्कळ वेळ वाया गेला आहे. त्यातून तपासण्याची एक पद्धत हळूहळू बसत गेली, ती इथे पायरीपायरीने देते. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, कारण पुढच्या बहुतेक पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. साधन आपल्याला काय दाखवतं त्यापेक्षा ते शिकणाऱ्याकडून काय करवून घेतं, हे बघायचं. रंग, चित्रं, गुण, पदकं हे सगळं दाखवणं झालं. शिकणाऱ्याचं डोकं त्या वेळी काय करत होतं, हा खरा प्रश्न.

पायरी १ : फोन बाजूला ठेवा, आधी वही घ्या

साधन शोधण्यापूर्वी दोन-तीन ओळी लिहून काढा. ‘मला जर्मन शिकायचं आहे’ असं लिहून उपयोग नाही, त्यावरून काहीच निवडता येत नाही. ‘तीन महिन्यांत मला फोनवर भेटीची वेळ ठरवता आली पाहिजे’, ‘माझ्या विषयातले लेख शब्दकोश घेऊन वाचता आले पाहिजेत’, ‘सहावीच्या मुलांना दहा ओळींचं पत्र लिहिता आलं पाहिजे’ अशी वाक्यं हवीत. काय करता यायला हवं, कुणाला, किती दिवसांत आणि रोज किती मिनिटं हातात आहेत, एवढं त्यात आलं की पुरे.

अशी वाक्यं सुचत नसतील तर युरोपातल्या भाषाशिक्षणाची सामाईक चौकट उपयोगी पडते. काउन्सिल ऑफ युरोपने ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२० मध्ये तिला पूरक खंडाची जोड दिली. ए१ पासून सी२ पर्यंत तिच्यात सहा पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीवर माणसाला काय काय करता येतं, याची साध्या भाषेतली वर्णनं आहेत. बी१ पातळीचा माणूस ओळखीच्या विषयांवर सोपा, सलग मजकूर लिहू शकतो, आपले अनुभव आणि इच्छा सांगू शकतो. ही वर्णनं मोफत वाचायला मिळतात आणि ती युरोपीय भाषांपुरतीच वापरायची असं काही बंधन नाही.

इथे नवशिक्यांची एक फसगत होते. ‘आमचा अभ्यासक्रम बी१ पर्यंत नेतो’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. हे लेबल कुणीही लावू शकतं, चौकट तयार करणारी संस्था अशा दाव्यांना प्रमाणपत्र देत नाही. म्हणून बी१ ची वर्णनं एका खिडकीत उघडा, अभ्यासक्रमाचे शेवटचे दोन धडे दुसऱ्या खिडकीत. त्या शेवटच्या धड्यांतही शिकणारा दिलेल्या तुकड्यांतून एकेक वाक्यच जुळवत असेल, सलग मजकूर एकदाही लिहीत नसेल, तर त्या लेबलाला अर्थ नाही. हे तपासायला पाच मिनिटं लागतात.

पायरी २ : आपल्या भाषेचा धडा आधी उघडा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी ठरलेली पायरी हीच. नवं साधन हातात आलं की शिकायच्या भाषेकडे लगेच वळू नका. फ्रेंच किंवा जपानी धड्यातली चूक नवशिक्याला दिसूच शकत नाही, दिसली असती तर तो नवशिका कसला? मराठीतली चूक मात्र आपल्या कानाला लगेच टोचते. म्हणून त्या साधनात मराठीचा अभ्यासक्रम असेल तर त्याचे दहा धडे भराभर बघा. नसेल तर हिंदी, इंग्रजी, जी भाषा तुम्हाला पक्की येते ती घ्या.

मराठीत मी काय बघते ते सांगते. पहिलं, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. समोरच्याला वगळून बोलायचं की धरून, हा फरक मराठीत रोजचा आहे, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. इंग्रजी वाक्यं यंत्राने मराठीत ओतली असतील तर ‘चला, आम्ही जाऊ या’ अशी वाक्यं सापडतात. दुसरं, ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’. बोलणारी बाई असेल तेव्हा क्रियापद बदलतं हे धड्यात कुठे सांगितलंय का? काही बोलींमध्ये बायकाही ‘मी जातो’ म्हणतात. त्याची नोंद धड्यात असेल तर तो धडा भाषा जाणणाऱ्या माणसाने लिहिलाय असं मी धरून चालते. तिसरं, भूतकाळ. ‘मी धडा वाचला’, ‘मी गोष्ट वाचली’, ‘मी पत्र वाचलं’ – वाचणारा तोच, क्रियापद मात्र वाचलेल्या वस्तूप्रमाणे फिरतं. परक्या माणसाला हे समजावून सांगावंच लागतं. ते न सांगता साधन फक्त तिन्ही वाक्यं पाठ करून घेत असेल, तर इतर भाषांतल्या अवघड जागाही ते असंच ओलांडून जात असणार.

मग आवाज. ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांतला च ऐका. लिहायला एकच अक्षर, उच्चार दोन. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा यांचंही तसंच. ध्वनिमुद्रण माणसाचं असेल तर हे आपोआप बरोबर येतं. संगणकाने तयार केलेल्या आवाजात अशा जागा बिघडू शकतात आणि बिघडल्या तर शिकणारा तोच बिघाड पाठ करतो.

या कसोटीला मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवा. मोठ्या भाषांवर कंपन्या जास्त मेहनत घेतात. मराठीचा अभ्यासक्रम कच्चा म्हणून स्पॅनिशचाही कच्चाच, असं ठरवून मोकळं होता येत नाही. पण कामाची पद्धत कळते. मजकूर माणसाने तपासलाय का, बोलीभाषेचं भान आहे का, चूक कळवायची सोय आहे का आणि कळवल्यावर ती सुधारली जाते का, हे समजतं. सापडलेली एखादी चूक कळवून ठेवा आणि महिन्याने परत बघा. बाकी कुठल्याही माहितीपेक्षा हा अनुभव जास्त बोलका असतो.

पायरी ३ : दहा मिनिटं खुणा करा

आता शिकायच्या भाषेचा धडा उघडा. शेजारी कागद ठेवा, दहा मिनिटांचा गजर लावा. प्रत्येक कृतीनंतर कागदावर खूण करायची. खुणांसाठी चार रकाने आखा.

पॉल नेशन या शब्दसंपदेच्या अभ्यासकाने भाषेच्या अभ्यासक्रमाचे चार धागे सांगितले आहेत. अर्थासाठी ऐकणं-वाचणं. अर्थ पोचवण्यासाठी बोलणं-लिहिणं. शब्द, उच्चार, व्याकरण यांचा मुद्दाम केलेला अभ्यास. आणि जे येतं तेच भराभर, न अडखळता वापरण्याचा सराव. या चारही धाग्यांना साधारण सारखा वेळ मिळावा, असं त्यांचं म्हणणं. तुमचे चार रकाने हेच.

बहुतेक अ‍ॅपच्या बाबतीत दहा मिनिटांनंतर कागदावर जवळजवळ सगळ्या खुणा तिसऱ्या रकान्यात दिसतात. जोड्या लावा, रिकामी जागा भरा, चित्र ओळखा. यात वाईट काही नाही, शब्द घोटावे लागतातच. पण त्या अ‍ॅपवर रोज अर्धा तास घालवणाऱ्याने बाकीचे तीन धागे दुसरीकडून आणायला हवेत, एवढं कागदावरून कळतं. ‘मी दीड वर्ष रोज करतोय, तरी बोलता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांचा दोष बहुतेक वेळा त्यांच्या बुद्धीचा नसतो. दुसऱ्या रकान्यात त्यांच्या खुणाच नसतात.

याच वेळी आणखी एक बघा : उत्तर ओळखायचं आहे की आठवायचं? चार पर्यायांतून बरोबर शब्दावर बोट ठेवणं म्हणजे ओळखणं. कोऱ्या जागेत शब्द लिहिणं किंवा तोंडाने म्हणणं म्हणजे आठवणं. ओळखणं फार सोपं असतं आणि सोपं असल्यामुळे आपण शिकतोय असं वाटत राहतं.

या वाटण्यावर विसंबू नका असं मी म्हणते, त्याला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून नंतर आठवून लिहायच्या चाचण्या दिल्या. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला नंतरही चांगलं आठवेल, याचा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. म्हणून धडा संपल्यावर किती गुण मिळाले आणि कसं वाटलं, यावरून साधनाची किंमत करू नये. कागद उलटा करून त्या धड्यातलं काय काय आठवतं ते लिहा. दोन दिवसांनी, अ‍ॅप न उघडता, तेच पुन्हा लिहा.

उतारे, बातम्या, गोष्टी देणाऱ्या वेबसाइट वेगळ्या मापाने मोजाव्या लागतात. सलग शंभर शब्द घ्या, त्यांत किती अनोळखी आहेत ते मोजा. आधाराशिवाय मजकूर नीट समजायला शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं मार्सेला हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासातून दिसलं. पाच-सहा अनोळखी असतील तर हाताशी शब्दकोश ठेवून वाचता येतं. पंधरा-वीस असतील तर ती साइट उत्तम असूनही आज तुमच्यासाठी नाही. तिचं नाव वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला.

पायरी ४ : मुद्दाम चुका

शिकणारा चुकणारच आहे. चुकल्यावर साधन काय करतं, यावर त्याचं शिकवणं अवलंबून असतं. पण तपासणारा माणूस शहाण्यासारखी बरोबर उत्तरं देत जातो, त्यामुळे हा भाग त्याच्या नजरेतून सुटतो.

तीन प्रकारे चुका. आधी स्पेलिंगची बारीक चूक करा. मग व्याकरणाची खरी चूक करा, जशी नवशिक्याकडून होते. आणि तिसऱ्यांदा बरोबर पण वेगळं उत्तर द्या : समानार्थी शब्द वापरा, किंवा भाषेला चालत असेल तर शब्दांचा क्रम बदला. चांगलं साधन पहिल्या वेळी खूण करून पुढे जातं, दुसऱ्या वेळी कारण सांगतं आणि तिसऱ्या वेळी उत्तर मान्य करतं. तिन्ही वेळा एकच लाल फुली आणि एकच ‘बरोबर’ उत्तर समोर येत असेल, तर ते साधन तपासनीस आहे, शिक्षक नाही. तपासनीसाचाही उपयोग असतो, पण मग कारण सांगणारं कुणीतरी सोबत हवं.

देवनागरीत लिहायच्या भाषा शिकवणाऱ्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. ‘ॲप’ मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एकतर ‘अ’ वर चंद्र देऊन, नाहीतर २००८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आलेलं स्वतंत्र ‘ॲ’ वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला वेगळी. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ यांचंही तेच. विद्यार्थ्याने अचूक लिहिलेलं उत्तर साधनाने चूक ठरवलं की त्याचा विश्वास उडतो. साधनावरचा उडाला तर एक वेळ चालेल, पण बहुतेकांचा तो स्वतःवरचाच उडतो. मी हे वर्गात पाहिलं आहे, आणि तेव्हापासून अनुस्वाराची, जोडाक्षरांची, नुक्त्याची उत्तरं आधी स्वतः घालून बघितल्याशिवाय मी कुठलाही ऑनलाइन सराव मुलांना देत नाही.

उच्चार तपासणाऱ्या साधनांनाही मुद्दाम फसवायचं. वाक्य म्हणायला सांगितलं की दुसरंच काहीतरी म्हणा. नुसतं गुणगुणा. मग बरोबर वाक्य पुटपुटत म्हणा. गुणगुणण्यालाही शाबासकी मिळाली तर त्या गुणांना काही अर्थ नाही, फार तर बोलायचा संकोच जाण्यासाठी ते वापरावं. उलट, ती भाषा मातृभाषा असलेल्या ओळखीच्या माणसालाही साधन नापास करत असेल तर त्याच्यामागे लागून घसा कोरडा करू नये. फोनवर आपला आवाज टिपून मूळ आवाजाशेजारी ऐकणं जास्त भरवशाचं. सुट्या शब्दांचे उच्चार ऐकायला फोर्वो ही २००८ पासूनची साइट आहे. तिथे त्या त्या भाषेच्या लोकांनीच शब्द म्हणून ठेवले आहेत आणि एकाच शब्दाचे अनेक आवाज मिळू शकतात. एकाच आवाजाची सवय झालेला कान खऱ्या संभाषणात गोंधळतो, म्हणून हा फरक मोठा.

पायरी ५ : उजळणी खरी आहे का?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो मांडला. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं, मग वेग मंदावतो. त्यावरचा उपाय म्हणजे वाढत्या अंतराने उजळणी. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी हे कागदी कार्डांनी आणि कप्प्यांच्या खोक्याने करून दाखवलं : आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात. आंकीसारखी संगणकावरच्या कार्डांची साधनं हेच काम हिशेब ठेवून करतात. आंकी २००६ पासून आहे, मुक्तस्रोत आहे आणि संगणकावर मोफत चालतं.

‘आमच्याकडे वैज्ञानिक उजळणी आहे’ असं जवळजवळ प्रत्येक साधन म्हणतं. तपासायला सोपं आहे. आज पाच शब्द ठरवून चुका, पाच शब्द सहज बरोबर द्या, दहाही शब्द वहीत लिहून ठेवा. पुढचे आठ दिवस रोज पाच मिनिटं तेच साधन वापरा. चुकलेले पाच वारंवार आणि बरोबर आलेले पाच क्वचित समोर आले, तर उजळणी खरी. सगळेच सारखे आले, किंवा कुठलेच परत आले नाहीत, तर उजळणी नावापुरती.

स्वतःचे शब्द घालता येतात का, हेही विचारा. पुस्तकात, संभाषणात अडलेला शब्द स्वतःच्या वाक्यासकट घालता आला तर तो जास्त टिकतो, असं मी माझ्या आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहत आले आहे. दुसऱ्याने बनवलेले हजारो शब्दांचे तयार संच मोहक दिसतात, पण त्यांत चुका असू शकतात आणि त्यांची ओढही लवकर संपते.

सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं याचा आकडा काहींना रोज बसवतो आणि तेवढ्यापुरता तो चांगला. पण आकडा वाचवण्यासाठी रात्री झोपेत एक सोपा धडा उरकला जायला लागला, की तो सरळ बंद करावा. बंद करण्याची सोय साधनात आहे का, हेही तपासण्यासारखंच.

पायरी ६ : गप्पा मारणारी यंत्रं

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून भाषा शिकणाऱ्यांच्या हातात एक न कंटाळणारा सोबती आला. तिसऱ्या पायरीतला दुसरा रकाना, स्वतः वाक्यं रचण्याचा, भरून काढायला मला ही यंत्रं मनापासून उपयोगी वाटतात. लाजऱ्या विद्यार्थ्यांना तर फारच. रात्री अकरा वाजता तोंडी परीक्षेचा सराव घेणारं दुसरं कोण मिळणार?

अडचण येते ती त्यांना पंडित मानल्यावर. चुकीचं स्पष्टीकरणही ती अस्खलित आणि ठाम भाषेत देतात. म्हणून तीन परीक्षा घ्या. आपल्या भाषेतला एखादा नियम विचारा, ‘मी पत्र वाचलं’ मध्ये क्रियापद असं का, आणि उत्तराचा प्रत्येक शब्द पारखा. मग तोच प्रश्न नव्या संभाषणात पुन्हा विचारा, उत्तर बदलतं का बघा. शेवटी एक पूर्ण बरोबर वाक्य देऊन म्हणा, ‘हे चुकलंय ना?’ यंत्राने लगेच माफी मागून बरोबर वाक्य ‘दुरुस्त’ केलं, तर समजा की तुमची समजूत चुकीची असेल तेव्हाही ते अशीच मान डोलावेल. अशा यंत्राशी बोलण्याचा सराव करावा, नियम मात्र व्याकरणाच्या पुस्तकात आणि शब्दकोशात बघावेत. विद्यार्थ्यांनाही हे असंच, करून दाखवून सांगावं. नुसत्या सूचनेने पटत नाही.

पायरी ७ : मालक कोण आणि उद्या काय

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळून मनस्ताप झालेले बरेच जण मला माहीत आहेत. लाइव्हमोका ही भाषा शिकणाऱ्यांना एकमेकांशी जोडणारी मोठी साइट २००७ मध्ये सुरू झाली, मग दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०१६ मध्ये बंद पडली. तिथली ओळखीची माणसं, तपासून मिळालेलं लेखन, सगळंच गेलं. फ्लॅश हे ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणारं सॉफ्टवेअर. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीने त्याचा पाठिंबा थांबवला, तेव्हा शिक्षकांनी वर्षानुवर्षं जमवलेले किती तरी परस्परसंवादी सराव ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. म्हणून वापरायला लागण्यापूर्वीच बघा, आपले शब्द, आपलं लेखन फाइल म्हणून बाहेर काढता येतं का. पहिल्या आठवड्यातच एकदा काढून बघा. फक्त ‘सोय आहे’ असं वाचून समाधान मानू नका.

पैसे कुठून येतात तेही शोधा. वर्गणी, जाहिराती, अनुदान, की तुमची माहिती? मोफत चाचणी संपल्यावर वर्गणी आपोआप सुरू होणार असेल, तर ती रद्द करायची जागा आधी शोधून ठेवा. खातं पूर्ण पुसता येतं का? मायक्रोफोनने टिपलेला आवाज कुठे जातो, किती दिवस राहतो? गोपनीयतेच्या धोरणात याचं सरळ उत्तर नसेल तर ते साधन मी मुलांसाठी वापरत नाही. मुलांच्या माहितीबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, वयाची अटही वेगळी. शिक्षकांनी आपल्याकडचा नियम बघावा, पालकांची संमती घ्यावी. टोपणनावाने काम भागत असेल तर खरं नाव कशाला द्यायचं?

दुसऱ्याचं साहित्य छापून वाटणार असाल तर परवाना वाचा. ततोएबासारख्या वाक्यसंग्रहातली बहुतेक वाक्यं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, श्रेय देऊन वापरता येतात. मात्र ती स्वयंसेवकांनी लिहिलेली आहेत, तेव्हा वर्गात नेण्यापूर्वी तपासून घ्या.

आणि साधन सगळ्यांना वापरता येतं का? वेब मजकुराच्या सुगमतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्या मधल्या पातळीनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ : १ असावा लागतो. हे मोजून देणारी मोफत साधनं मिळतात. फिकट राखाडी अक्षरं चांगल्या नजरेच्या माणसालाही तासाभरात दमवतात. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने धडा पुरा होतो का, ध्वनिफितीचा मजकूर वाचायला मिळतो का, हे बघा. आणि वर्गातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, सगळ्यात मंद इंटरनेटवर एकदा चालवा. शिक्षकाच्या चांगल्या संगणकावर सगळंच चालतं.

पायरी ८ : तीन आठवडे, आणि मोजमाप साधनाबाहेर

इथपर्यंत टिकलेलं एक साधन निवडा. एकच. पहिल्या दिवशी, ते उघडण्याआधी, पहिल्या पायरीत लिहिलेलं काम करून बघा : दोन मिनिटं बोलून आवाज टिपा, किंवा दहा ओळी लिहा. शब्दकोश नाही, मदत नाही. तारीख घालून ठेवून द्या. तीन आठवडे साधन वापरा. मग तेच काम पुन्हा करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. अडखळणं कमी झालं का? वाक्यं लांबली का? नवे शब्द आपणहून आले का? साधनाने दाखवलेली टक्केवारी या वेळी बघायचीच नाही, कारण ते स्वतःच्या प्रश्नपत्रिकेवर स्वतःच गुण देत असतं.

शिक्षकांनी याआधी एक काम करावं. तीन विद्यार्थ्यांना साधन द्यावं, एक हुशार, एक मधला, एक मागे पडणारा, आणि शेजारी गप्प बसून बघावं. मदत करायची नाही. हे अवघड जातं, तोंडावर हात ठेवावा लागतो. विद्यार्थी कुठे थांबतो, कुठे न वाचताच बटण दाबतो, कुठे भाषेपेक्षा बटणं शोधण्यातच वेळ जातो, ते त्या पंधरा मिनिटांत स्वच्छ दिसतं. मागे पडणारं मूल ज्या सूचनेवर अडलं, ती सूचना वर्गात निम्म्या जणांना समजत नाही असं मला अनेकदा आढळलं आहे. मुलं तसं बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

तीन आठवड्यांनी साधन ठेवायचं की काढायचं, असा एकच निर्णय घ्यावा लागतो असं नाही. बरीच साधनं एका कामाला उत्तम आणि बाकीच्यांना निरुपयोगी असतात, मग ती त्या एका कामापुरती ठेवावी. माझ्या वहीत प्रत्येक साधनापुढे एक ओळ असते : कशासाठी, कोणत्या पातळीला, काय सोबत द्यावं लागतं आणि शेवटचं कधी तपासलं. ही शेवटची तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली की मी दुसरी आणि चौथी पायरी पुन्हा करते, कारण अ‍ॅप अपडेट होतात, आवाज बदलतात, मोफत असलेलं कुलूपबंद होतं. आणि शिकणाराही एव्हाना पहिल्या दिवशीचा राहिलेला नसतो.